नळ आला, गटार राहिलं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या नगरपालिकेच्या गावात जा, सातारा घ्या, नगर घ्या, पंढरपूर घ्या, महाड घ्या, एक गोष्ट सगळीकडे सेम दिसते. नळ घरात आलेला असतो, भले एक दिवसाआड येवो नाहीतर पहाटे चारला येवो, पण आलेला असतो. आणि जुन्या पेठांमध्ये त्याच घराची मोरी दारासमोरच्या उघड्या गटारात सुटलेली असते, ते गटार ओढ्याला, ओढा नदीला, आणि नदीत पुढे कुठल्यातरी दुसऱ्या गावाची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उपसायची विहीर. यावर आपल्याकडची ठरलेली उत्तरं म्हणजे "लोकांना अक्कल नाही" किंवा "नगरसेवक खातात". दोन्हीत थोडंफार तथ्य असेलही, पण हा घोळ त्याच्या खूप आधीचा आहे. साधारण १८५० ते १९३० च्या दरम्यान मुंबई इलाख्यातल्या ह्या छोट्या गावांना पाणी कसं द्यायचं, घाण कशी काढायची आणि पैसे कुणाच्या खिशातून घ्यायचे हे ठरलं, आणि तेव्हा ठरलं त्यावरच आपण अजून ठिगळं लावतोय. मुंबईबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे मुंबई बाजूला ठेवू आणि बाहेरच्या गावांबद्दलच बोलू.

इंग्रज यायच्या आधी ह्या गावांत पाण्याची काही सोयच नव्हती असं नाही हां. नगरला निजामशाहीच्या काळात कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी शहरात आणलेलं होतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळातून शहरातल्या हौदांत सोडलं, मध्ये मध्ये हवा निघून जायला उच्छ्वास बांधले, सगळं काम उतारावर, पंप नाही काही नाही. बाकी गावांत आड, विहिरी, बारवा आणि नदी. घाणीचं म्हणाल तर माणसं गावाबाहेर जायची, शेतात किंवा ओढ्याकाठी, आणि मोठ्या वाड्यात संडास असलाच तर खाली खड्डा नाहीतर टोपली. ही व्यवस्था आदर्श वगैरे अजिबात नव्हती, वाड्यातला आड आणि वाड्यातला खड्डा यांच्यात कधी कधी चार पावलांचं अंतर असायचं आणि पटकी (कॉलरा) आली की अख्खी आळी मरून साफ व्हायची. पण पाच-सात हजार वस्ती आणि चहूबाजूला मोकळं रान असताना ती कशीतरी चालून जायची. मग रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, सोलापुरात १८७७ ला जुनी मिल सुरू झाली, आणि ह्या गावांची वस्ती वाढत गेली. रान लांब गेलं, माणसं जवळजवळ आली, आड मात्र तिथेच.

सरकारला ह्याची काळजी कधी वाटायला लागली, तर १८५७ नंतर, आणि तीही गोऱ्या सैनिकासाठी. १८५९ मध्ये एक रॉयल कमिशन बसलं, १८६३ ला त्याचा रिपोर्ट आला, आणि त्यात आकडा होता की हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला दर हजारी ६९ माणसं मरतात. लढाईत मरणारे त्यात थोडे, बहुतेक हगवण, पटकी आणि तापाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई, ज्या आयुष्यात एकदाही भारतात आल्या नाहीत, त्यांनी प्रत्येक छावणीकडून आलेली माहिती पिंजून काढली आणि पाणी, गटारं, गर्दी यावर बोट ठेवलं. मग १८६४ ला छावण्यांचा कायदा झाला, इलाख्यांमध्ये सॅनिटरी कमिशन नेमली गेली. छावणीत रुंद रस्ते, आखलेल्या नाल्या, पाण्याची सोय, मैला उचलायची ठरलेली वेळ, आणि हद्दीचा दगड ओलांडला की गाव. अजूनही पुण्यात किंवा नगरला कॅम्पातून पेठेत शिरताना रस्त्याची रुंदी बदलते ती यामुळेच.

त्यात रोग कशाने होतो यावरच तेव्हा एकमत नव्हतं. बहुतेक डॉक्टर आणि इंजिनियर लोकांचं म्हणणं की कुजक्या घाणीतून जी दूषित हवा निघते तीच रोगाचं मूळ. जॉन स्नो यांनी १८५४ ला लंडनमध्ये दाखवून दिलं होतं की पटकी पाण्यातून पसरते, पण भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम हे मानायलाच तयार नव्हते, आणि तसं मानणं सरकारलाही महागात पडलं असतं कारण मग जहाजांवर क्वारंटाइन आलं, व्यापाराला फटका आला. १८८४ ला रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातल्या तलावात पटकीचा जंतू सापडल्याचं सांगितलं तरी वाद चालूच राहिला. हे सगळं पुस्तकी वाटेल, पण गावात त्याचा सरळ परिणाम झाला, कारण भीती हवेची असली की तुम्ही वास येतो ते आधी हटवता. निवडुंगाची कुंपणं तोडा, डबकी बुजवा, उकिरडे हलवा, खाटीकखाना लांब न्या. स्वच्छ दिसणाऱ्या पण आतून नासलेल्या आडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

१८५० साली एक कायदा झाला, २६ नंबरचा, की गावातल्या लोकांची इच्छा असेल तर त्यांनी अर्ज करावा आणि सरकार तिथे नगरपालिका नेमेल. बाकी हिंदुस्थानात ह्याला फार प्रतिसाद नव्हता, पण मुंबई इलाख्यात बऱ्याच गावांनी तो उचलला, सोलापूर, सातारा, नगर, पंढरपूर ह्या सगळ्या नगरपालिका १८५० च्या दशकातल्याच आहेत. अध्यक्ष म्हणजे कलेक्टर नाहीतर असिस्टंट कलेक्टर, सभासद म्हणजे मामलेदार आणि सरकारने नेमलेले सावकार, व्यापारी, इनामदार. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत नेमलेले सदस्य होते, पण असं नाव अपवादच. १८८२ ला व्हाइसरॉय रिपनसाहेबांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ ला मुंबई इलाख्याचा नवा कायदा, आणि निवडून येणारे सभासद वाढले, पण मत कुणाला, तर जो ठराविक कर भरतो किंवा ज्याची ठराविक मालमत्ता आहे त्याला.

आणि ह्या मंडळींनी उत्पन्नाचं साधन कोणतं निवडलं असेल? जकात. गावात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर नाक्यावर पैसे घ्यायचे. घरपट्टी लावली तर ती वाडेवाल्यांवर पडणार आणि वाडेवालेच सभेत बसलेले, त्यामुळे घरपट्टीचा विषय निघाला की बोंबाबोंब, अर्ज, वेळ पडली तर बाजार बंद. जकात कशी गुपचूप मालाच्या किमतीत मिसळते, आणि ती हमालही भरतो आणि सावकारही, म्हणजे खाण्याच्या प्रमाणात भरतात, ऐपतीच्या प्रमाणात नाही. शिवाय जकातीचा एक मोठा दोष होता, दुष्काळ पडला, बाजार बसला की ती लगेच खाली येते, म्हणजे ज्या वर्षी विहिरी आटल्या आणि पाण्याची खरी गरज आहे त्याच वर्षी तिजोरी रिकामी. असं वरखाली होणारं उत्पन्न असलं की वीस-तीस वर्षांचं कर्ज काढून मोठं काम करायची हिंमत कुणी करत नाही, आणि गटार हे मोठंच काम आहे, अर्धं करून चालत नाही.

पाण्याचं तसं नाही. पाणी टप्प्याटप्प्याने आणता येतं, आज तलाव, पाच वर्षांनी नळ, मग पेठेपेठेत सार्वजनिक कॉक. त्यात बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चावर स्वार होता येतं, सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव (हिप्परग्याचा म्हणतात तोच) १८७१ ला पुरा झाला तो मुळात शेतीच्या पाण्यासाठीही होता, शहराला त्यातून पाणी मिळालं. साताऱ्याला कासच्या तलावातून पाणी आलं, डोंगरावरून पाटाने, निव्वळ उतारावर, त्यामुळे रोजचा चालवायचा खर्च कमी. आणि पाण्याला दानशूर मिळतात. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला जमशेटजी जीजीभाईंनी पैसे दिले, तो १८५० ला झाला आणि आपण अजून बंडगार्डन म्हणतो. हौद बांधा, पाणपोई बांधा, कारंजं बांधा, वर संगमरवरी पाटी लावा, पुण्यही लागतं आणि नावही राहतं. गटाराच्या तोंडावर आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावून घ्यायला कोण शेठजी तयार होईल?

नळाचं पाणी येणं आणि ते पिण्यालायक असणं ह्यात मात्र बरंच अंतर होतं. त्या काळचं उत्तम तंत्र म्हणजे वाळूचा संथ फिल्टर, हौदात खाली खडी, वर बारीक वाळूचा जाड थर, आणि पाणी अगदी हळूहळू झिरपू द्यायचं. गंमत म्हणजे गाळायचं मुख्य काम नुसती वाळू करत नाही, काही दिवसांत वाळूच्या वर सूक्ष्म जिवांचा एक साईसारखा थर धरतो आणि तो जंतूंना अडवतो, खातो. तो थर खरवडून काढला की नवा धरेपर्यंत पाणी कच्चंच समजायचं. ह्या फिल्टरची खरी परीक्षा १८९२ ला जर्मनीत झाली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता वापरायचं, शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, पण गाळून वापरायचं. पटकी आली तेव्हा हॅम्बुर्गमध्ये ८,००० च्या वर माणसं मेली आणि आल्टोना जवळजवळ सुटलं. पण संथ फिल्टरला जागा लागते, जाणता माणूस लागतो, आणि आमच्या नगरपालिकांत जकात नाक्यावर चार कारकून असायचे, पाण्यावर एखादा पगारी माणूस ठेवायचा म्हटलं की सभेत वाद. त्यामुळे बऱ्याच छोट्या गावांत वर्षानुवर्षं तलावातलं पाणी तुरटी फिरवून, नाहीतर तसंच, नळात.

लोकांचाही नळावर एकदम विश्वास बसला नाही. जुन्या बायका पिढ्यानपिढ्या सांगत आल्या की सोवळ्याला नळाचं पाणी चालत नाही, आडाचंच पाहिजे, कारण नळाच्या पाण्याला वाटेत कुणाचा हात लागला कुणास ठाऊक, आणि तोटीत चामड्याचा वायसर असतो. म्हणजे शंका होती, पण भलत्या गोष्टीची. विटाळाची भीती होती, जंतूची नव्हती, त्यामुळे नळ दारात येऊनही पिण्याचं पाणी खड्ड्याशेजारच्या आडाचंच.

आता एक तांत्रिक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. तलाव छोटा, पाइप बारीक, पैसे कमी, म्हणून पाणी चोवीस तास न देता ठराविक तास द्यायचं, बाकी वेळ वॉल्व्ह बंद, ही पद्धत अनेक ठिकाणी पडली. वरवर पाहता ही काटकसर. पण पाइप पाण्याने दाबाखाली भरलेला असतो तेव्हा सांध्याला गळती असली तर पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. वॉल्व्ह बंद केला की दाब संपतो, सखल भागातले लोक तोट्या उघड्या ठेवतात, पाइप रिकामा होतो, आणि रिकामा होताना त्याच गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढतो. आणि बाहेर काय आहे, तर गल्ली अरुंद असल्यामुळे पाइपाच्या हातभर अंतरावर गटार. म्हणजे तलावावर कितीही उत्तम फिल्टर लावा, शेवटच्या गल्लीत पाणी नासणार. पाणी सुटल्यावर पहिल्या दोन-चार बादल्या ओतून टाकायची सवय आपल्या घरोघरी आहे ती उगाच नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला काविळीची साथ एकाच आळीत का येते त्याचंही उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आणि पाणी वाढलं की सांडपाणी वाढणारच ना. आडावरून शेंदून आणायचं होतं तेव्हा घरात मोजून घागरी यायच्या, मोरीतून निघालेलं पाणी परसातल्या केळीला नाहीतर अळूला पुरायचं. नळ आला की धुणी-भांडी, आंघोळी, सडा, सगळं सैल हाताने. ते पाणी कुठे जाणार? परसात मुरलं, भिंती ओल्या झाल्या, आड आणखी नासले, गल्लीत डबकी झाली, डास झाले. सॅनिटरी खात्याचे अधिकारी लिहायचे की पाण्याची योजना आणि गटाराची योजना बरोबरच करा, पण पाण्याची योजना झाल्यावर नगरपालिकेच्या डोक्यावर त्याचंच कर्ज बसलेलं, गटारासाठी दुसरं कर्ज कोण काढतो.

मग झाली ती उघडी गटारं. गटार बांधणं सोपं वाटतं, पण त्यात सगळा खेळ उताराचा आणि वेगाचा आहे. पाणी सेकंदाला साधारण दोन-अडीच फुटांच्या वेगाने वाहिलं तर घाण सोबत घेऊन जातं, त्याहून हळू झालं की घाण खाली बसते, आणि एकदा बसली की तिच्यावर आणखी बसते. उन्हाळ्यात गटारात पाण्याची बारीक धार आणि जुलैत धो धो लोंढा, दोन्हीला एकच गटार पुरं कसं पडणार? सपाट तळाचं रुंद गटार बांधलं तर उन्हाळ्यातली धार पसरून थांबते. म्हणून चांगला इंजिनियर तळ अरुंद आणि गोल ठेवायचा, वर रुंद, म्हणजे थोडं पाणीही वेगाने जाईल. कागदावर हे सगळ्यांना माहीत होतं, पण गवंड्याला दिलेल्या कंत्राटात कितपत उतरलं ते आजही कुठल्याही पेठेत बघून घ्या. त्यात आपल्याकडे भांडी घासायची राखेने आणि मातीने, ती सगळी राख-माती मोरीतून गटारात, त्यामुळे विलायतेत चालणारा हिशोब इथे फसायचा. काळ्या मातीत आणखी वेगळी तऱ्हा, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पुरलेल्या पाइपाचे सांधे निखळतात. आणि जिथे काळी माती नाही तिथे हातभर खाली काळा पाषाण, सुरुंग लावायचा तर दोन्ही बाजूला दोनशे वर्षांचे वाडे. जमिनीखालून गटार नेणं ह्या गावांत खरंच अवघड आणि महाग होतं, हे कबूल करायला पाहिजे. पुण्यासारख्या शहरातसुद्धा भुयारी गटाराचं काम विसावं शतक सुरू झाल्यावरच झालं, मग पंढरपूर-महाडची काय कथा.

पण मैला? सांडपाणी उघड्या गटारातून जाईल, मैला कसा जाणार? इथे सरकारने आणि नगरपालिकांनी जे केलं ते मला ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात वाईट वाटतं. पाइप महाग होता, माणूस स्वस्त होता, म्हणून माणूस वापरला. पद्धत अशी की संडासाखाली टोपली किंवा डबा, मागच्या बाजूला बारीकसं दार आणि बोळ, पहाटे सफाई कामगार त्या बोळातून येणार, हाताने ती टोपली काढणार, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार, गाडी गावाबाहेर. तिथे फूटभर खोल चर खणून मैला पुरायचा आणि वर पीक घ्यायचं, किंवा राख-कचरा मिसळून सोनखत करायचं. सोनखत ऊसवाल्यांना विकायचं, पुण्याच्या आसपास तर ह्याला चांगली मागणी होती. म्हणजे नगरपालिकेला ह्या कामातून उत्पन्नही व्हायचं, शिवाय घरमालकांकडून हलालखोर (म्हणजे सफाई कामगार) कर नावाचा वेगळा कर.

खेड्यात हे काम फारसं नव्हतंच, लोक रानात जायचे. शहरी संडास वाढले तसा हा धंदा वाढला, आणि तो करायला नगरपालिकांनी गुजरात, राजपुताना, रोहतककडून मेहतर, भंगी म्हटल्या जाणाऱ्या जातींची कुटुंबं आणली, गावाच्या कडेला, बहुतेक वेळा मैल्याच्या डेपोच्याच शेजारी, त्यांना खोल्या दिल्या. ज्या माणसाच्या कामावर अख्ख्या गावाची तब्येत अवलंबून त्याच्या वस्तीत नळ सगळ्यात शेवटी. आणि त्याने काम थांबवलं की दोन दिवसांत गाव हैराण, हे सरकारला पक्कं माहीत होतं, म्हणून त्या काळच्या अनेक नगरपालिका कायद्यांत असं कलम असायचं की सफाई कामगाराने आगाऊ नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा. जगात कुठे गटाराच्या पाइपाला राजीनामा द्यायची बंदी घालावी लागत नाही, इथे घालावी लागली कारण इथलं गटार माणसांचं होतं.

पंढरपूरसारख्या गावात हे सगळंच दहापट. एरवी वीस हजारांच्या आतबाहेरचं गाव, आषाढीला लाखाच्या घरात माणसं, तीही भर पावसात, चंद्रभागेच्या वाळवंटात मुक्काम, तिथेच प्रातर्विधी, तिथेच स्नान आणि तिथलंच तीर्थ. १८६६ ला कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपवाल्यांनी हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवलं, तेव्हापासून सरकारचा डोळा यात्रांवर. यात्रेकरूंकडून कर घ्यायचा आणि त्यातून सोयी करायच्या अशी पद्धत. पण लाखासाठी संडास-गटारं बांधली तर वर्षाचे अकरा महिने ती पडून, वीस हजारांसाठी बांधली तर आषाढीत कोसळणार, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही आणि नंतरही किती वर्षं, २०१४ च्या आसपास पंढरपूरच्या वारीतला मैला हाताने उचलायला लागतो हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजत होतं.

१८९६ ला मुंबईत आणि मग १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा वासाच्या सिद्धांताचा पुरता बोजवारा उडाला. मुंबईत गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवून काढली, घाणीत प्लेग असतो म्हणून. प्लेग होता उंदरांवरच्या पिसवांत, हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ ला दाखवलं. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने सोजिरांकडून घरं तपासली, सामान बाहेर काढलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे, २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. गटार-पाण्याच्या दृष्टीने प्लेगचा परिणाम असा की सरकारचं लक्ष रस्ता रुंदीकरण आणि दाट वस्ती मोकळी करण्याकडे गेलं, १९१५ चा मुंबईचा टाउन प्लॅनिंगचा कायदा त्यातूनच. लोकांच्या मनात मात्र सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे घरात घुसणारा माणूस हे घट्ट बसलं ते बसलंच.

आणि महाड. चवदार तळ्याकडे आपण सामाजिक लढा म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे, पण ते एका छोट्या नगरपालिकेचं पाणीपुरवठा प्रकरणसुद्धा आहे. १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ ला महाड नगरपालिकेने, तेव्हा सुरबानाना टिपणीस अध्यक्ष होते, तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला पण पाणी भरू कोण देतो? १९२६ ला कायदेमंडळात पुन्हा ठराव, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान रोखा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. मग कोर्ट, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल, की अस्पृश्यांना मनाई करणारी परंपरा अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध होत नाही. म्हणजे दहा वर्षं लागली, एका सार्वजनिक तळ्यातून ओंजळभर पाणी घेता येतं एवढं ठरायला. तोपर्यंत शेणमूत घातलेलं पाणी सवर्णांना चालत होतं. त्या काळच्या सॅनिटरी रिपोर्टात गावाचा पाणीपुरवठा मोजताना तळी आणि विहिरी मोजायचे, पण त्यातलं कुठलं पाणी कुणाला मिळतं हे त्या रकान्यात मावत नव्हतं.

स्वातंत्र्याच्या आसपास दोन माणसं, म्हणजे एक माणूस आणि एक कमिटी, ह्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी. कोकणातले गांधीवादी अप्पा पटवर्धन १९३२ ला रत्नागिरीच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं, जातीने ब्राह्मण असल्यामुळे तुरुंगवाले ते काम देत नव्हते. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून त्यांनी हाताने मैला उचलावा लागणार नाही आणि खतही होईल असा साधा संडास रुळवायचा प्रयत्न केला, भुयारी गटार न परवडणाऱ्या गावासाठी हे फार शहाणपणाचं काम होतं. आणि १९४९ ला मुंबई सरकारने नेमलेली बर्वे समिती, तिने सफाई कामगार कसे राहतात, कसे काम करतात हे पाहून शिफारशी केल्या. टोपलीच्या संडासावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ ला आला आणि तो पुरेसा नाही म्हणून दुसरा २०१३ ला.

टोपली गेली तिथे सेप्टिक टँक आला, गटार नाही. टँकमध्ये घट्ट भाग खाली बसतो, वरचं पाणी जमिनीत मुरायला हवं, पण दाट पेठेत मुरायला जागाच नाही म्हणून ते पाणी सरळ समोरच्या उघड्या गटारात सोडलेलं असतं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी फक्त मोरीच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारात आता संडासाचं पाणीही आलं. टँक भरला की उपसायची गाडी, आणि गाडीचा पाइप बोळात पोचत नसेल तर माणूस उतरतो, कायद्याने बंदी असूनही.

आता भुयारी गटाराच्या योजना येतायत, रस्ते खोदले जातायत, मलनिस्सारण केंद्रं उभी राहतायत, आणि कित्येक गावांत केंद्राला पुरेसा मैला मिळत नाही, कारण मुख्य लाइन सरकार टाकतं पण घरापासून त्या लाइनपर्यंतची जोडणी घरमालकाने करायची असते, त्यासाठी मोरी फोडा, फरशी उखडा, वर पैसे भरा. लोक म्हणतात चाललंय ना गटारात, राहू दे. नगरपालिकेला सक्ती करायची तर घरपट्टीवाल्यांशीच भांडण घ्यावं लागतं.